मूर्खपणा पात्राचा की पटकथेचा?

मध्यरात्र झाली आहे आणि पश्चिम टेक्सासमधल्या एका ट्रेलर-घरात लूएलिन मॉसला झोप येत नाही. दिवसा तो शिकारीला गेला होता. माळरानावर त्याला अमली पदार्थांच्या फिसकटलेल्या सौद्याचे अवशेष दिसले. गोळ्यांनी चाळण झालेल्या गाड्या, प्रेतं, आणि बऱ्याच अंतरावर झाडाखाली मरून पडलेल्या माणसाजवळ वीस लाख डॉलरची पेटी. ती पेटी त्याने घरी आणली. तिथल्या एका गाडीत एक जण अजून जिवंत होता आणि पाणी मागत होता. मॉसकडे पाणी नव्हतं, तो तसाच निघून आला. आता तो उठतो, स्वयंपाकघरात जाऊन कॅनमध्ये पाणी भरतो आणि त्या माणसाकडे परत जायला निघतो. आपण निव्वळ गाढवपणा करायला चाललोय, हे तो बायकोला स्वतःच्या तोंडाने सांगतो. पोचतो तोवर तो माणूस मेलेला असतो. टेकडीवर दुसरी गाडी येऊन उभी राहते, आणि मॉसचा ट्रक नोंदणीच्या पट्टीसकट मारेकऱ्यांच्या हाती लागतो.

कोएन बंधूंचा हा ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७). कॉर्मॅक मकार्थीच्या कादंबरीवर बेतलेला, सर्वोत्तम चित्रपटासह चार ऑस्कर मिळवलेला. तरीही चार जण एकत्र बसून तो पाहत असतील, तर या प्रसंगाला त्यातला एक जण हमखास कुरकुरतो: पैसा हाती आलाय, गप पडून राहायचं सोडून परत कोण जातं?

ही कुरकुर गुन्हेगारी थरारपटाच्या पाचवीला पुजलेली आहे. ती एकटी त्या घरात का शिरली? त्याने पोलिसांना फोन का केला नाही? पिस्तूल तिथेच टाकून का पळाला? आणि मग शेवटचा शिक्का: पटत नाही. माणसं इतकी मूर्ख असतात का, असं विचारलं तर उत्तर सोपं आहे. असतात. या सगळ्या तक्रारींकडे नीट पाहिलं, तर विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच निघतो. पडद्यावर जो मूर्खपणा घडला, त्याची गरज कोणाला होती? पात्राला, की पुढचं दृश्य कसंही करून घडवायला निघालेल्या लेखकाला?

अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या दुसऱ्या प्रकारासाठी ‘इडियट प्लॉट’ ही संज्ञा लोकप्रिय केली. ती मुळात विज्ञानकथांच्या समीक्षेतून आली, आणि तिचं श्रेय सहसा जेम्स ब्लिश या लेखकाला दिलं जातं. कथेतली सगळी माणसं मठ्ठ आहेत म्हणूनच जी कथा चालू राहते, एकाने जरी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं तर जी तिथेच संपेल, ती इडियट प्लॉट. कसोटी झकास आहे, पण ती सरसकट लावली तर फार मोठमोठी माणसं कापली जातात. ऑथेल्लोने बायकोला सरळ विचारलं असतं तर रुमालाचं प्रकरण दोन मिनिटांत मिटलं असतं. त्याला विचारता का आलं नाही, हेच तर ते नाटक आहे.

आधी वास्तवाचा हिशेब करून टाकू. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात आणि आसपास डेनिस रेडर नावाच्या माणसाने १९७४ ते १९९१ या काळात दहा खून केले आणि तो सापडला नाही. मग २००४ मध्ये त्याला पुन्हा पत्रं पाठवण्याची हुक्की आली. एका पत्रात त्याने पोलिसांनाच विचारलं, की मी फ्लॉपी डिस्क पाठवली तर तिच्यावरून माझा माग काढता येईल का, खरं खरं सांगा. पोलिसांनी त्याच्याच सूचनेप्रमाणे वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देऊन कळवलं, काही हरकत नाही. त्याने डिस्क पाठवली. तिच्यावरच्या पुसलेल्या फाइलमध्ये त्याच्या चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ हे दोन धागे मिळाले, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये तो पकडला गेला. हा प्रसंग कोणी पटकथेत लिहिला असता, तर निर्मात्याने कागद तोंडावर फेकले असते. शिकागोत १९२४ मध्ये आपल्या बुद्धीचा विलक्षण गर्व असलेल्या दोन श्रीमंत घरच्या तरुणांनी केवळ परिपूर्ण गुन्हा करून दाखवायचा म्हणून एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून केला. प्रेताजवळ एकाचा चष्मा पडला. त्याच्या काड्यांची बिजागरी इतकी खास होती, की तसे चष्मे सगळ्या शिकागोत फक्त तीन विकले गेले होते. (हिचकॉकच्या १९४८ सालच्या ‘रोप’चं मूळ नाटक बेतताना हेच प्रकरण डोळ्यांसमोर होतं असं मानतात. त्यात चष्मा नाही, पण दुसऱ्याच माणसाची हॅट आहे.) पिट्सबर्गमध्ये १९९५ साली एकाने तोंडाला लिंबाचा रस चोपडून भरदिवसा दोन बँका लुटल्या. लिंबाच्या रसाची अदृश्य शाई होते, तर आपला चेहराही कॅमेऱ्यात दिसणार नाही, असा त्याचा हिशेब होता. डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ सालचा प्रसिद्ध निबंध याच किश्शाने सुरू होतो.

आणि आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्यायचं तर ‘डिजिटल अरेस्ट’. कायद्यात असली काही अटक अस्तित्वातच नाही. तरी शिकलेली, निवृत्त, चार पैसे गाठीला असलेली माणसं गणवेशातल्या तोतयाच्या सांगण्यावरून घराची दारं लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून राहतात आणि आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या खात्यात वळती करतात. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून यावर बोलावं लागलं. पंधरा वर्षांपूर्वी हे कोणी सिनेमात दाखवलं असतं, तर आपण सगळेच हसलो असतो.

पण ‘हे खरंच घडलंय’ हा पटकथाकाराचा बचाव होऊ शकत नाही. अॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात हा निकाल केव्हाच लावून ठेवला आहे. घडू शकेल पण पटणार नाही अशा गोष्टीपेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट नाटककाराने घ्यावी. वास्तवाला पटवण्याची जबाबदारी नसते, ते फक्त घडतं. कथेला मात्र प्रत्येक पावलाचा जाब द्यावा लागतो.

हा फरक कादंबरीकार जेम्स एम. केनला नेमका कळला होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मार्च १९२७ मध्ये रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिच्या नवऱ्याचा खून केला. आधी त्याच्या नावावर विमा उतरवला होता, अपघाती किंवा हिंसक मृत्यू आल्यास दुप्पट रक्कम देणारा. पुढचा सगळा कारभार म्हणजे हात दाखवून अवलक्षण. घरात चोर शिरल्याचा देखावा केला, दागिने चोरीला गेले असं सांगितलं, आणि ते दागिने पोलिसांना तिच्याच गादीखाली सापडले. डेमन रन्यन या पत्रकाराने या प्रकरणाचं बारसं ‘ठोंब्यांनी केलेला खून’ अशा अर्थाच्या शब्दांत केलं. दोघांनाही जानेवारी १९२८ मध्ये विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं.

केनने यावरून कादंबरी लिहिली आणि बिली वाइल्डरने रेमंड चँडलरला सोबत घेऊन १९४४ साली तिचा ‘डबल इंडेम्निटी’ केला. त्यांनी विमा ठेवला, बायको ठेवली, प्रियकर ठेवला. गादीखालचे दागिने मात्र फेकून दिले. चित्रपटातला खून कमालीचा हुशार आहे. नवऱ्याचं प्रेत रुळांवर, खुनी त्याचं सोंग घेऊन गाडीत, आणि देखावा चालत्या गाडीतून पडल्याचा. मूर्खपणा गेला कुठे? तो हातातून काळजात नेऊन ठेवला. वॉल्टर नेफ हा विमा एजंट आहे. दुसऱ्यांच्या लबाड्या रोज पाहून त्याला वाटायला लागलंय, की ही यंत्रणा आतून माहीत असलेला माणूस तिला सहज चकवू शकेल. त्यात ती बाई, तिच्या पायातलं पैंजणासारखं कडं. विम्याचा दावा तपासणारा त्याचा वरिष्ठ कीज किती तल्लख आहे, हे त्याला पुरतं ठाऊक आहे आणि तरी तो उडी घेतो. तो चुकतोय हे आपल्याला पहिल्या दृश्यापासून माहीत असतं, कारण चित्रपट त्याच्या कबुलीजबाबानेच सुरू होतो. तरी आपण एकदाही ‘हा असं का करतोय’ असं विचारत नाही. बाहेरचा गाढवपणा आपल्याला परका वाटतो, आतला ओळखीचा.

दरोडेपटांनी तर या गोष्टीचं शास्त्रच बनवलं. १९५० ते १९५६ या सहा वर्षांत तीन चित्रपट आले. जॉन ह्यूस्टनचा ‘द अॅस्फाल्ट जंगल’, ज्यूल्स दासँचा ‘रिफीफी’ आणि स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘द किलिंग’. तिन्हींत योजना बिनचूक आणि माणसं कच्ची. ‘रिफीफी’मधली जवळपास अर्ध्या तासाची, एकही शब्द न बोलता केलेली चोरी आजही शिकवली जाते. पण टोळी बुडते ती तिजोरी फोडणाऱ्या सेझारने एक अंगठी खिशात टाकून क्लबातल्या गायिकेला दिली म्हणून. (सेझारचं काम दासँने स्वतःच दुसऱ्या नावाने केलं आहे. मूर्खपणा दुसऱ्याच्या गळ्यात न मारण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.) ‘द किलिंग’मध्ये रेसकोर्सवरचा केविलवाणा कॅशियर बायकोच्या नजरेत मोठं व्हायला तिला बेत सांगून बसतो. शेवटी म्होरक्या वीस लाख डॉलर भरायला एक जुनी सूटकेस विकत घेतो, आणि तिचं कुलूप नीट लागत नाही.

या तिन्हींतला ‘अॅस्फाल्ट जंगल’चा शेवट जवळून पाहण्यासारखा आहे. डॉक हा म्हातारा, नम्र, जर्मन उच्चाराचा सूत्रधार. त्यानेच दरोड्याची सगळी आखणी केली. आता कोटाच्या अस्तरात हिरे शिवून तो भाड्याच्या टॅक्सीने शहराबाहेर पडलाय. वाटेत एका उपाहारगृहात थांबतो. तिथे दोन-तीन पोरं आहेत, एक मुलगी आहे, आणि ज्यूकबॉक्समध्ये टाकायला त्यांच्याकडची नाणी संपली आहेत. डॉक नाणी देतो. मुलगी नाचायला लागते, डॉक बसून बघत राहतो. टॅक्सीवाला चुळबुळतो, निघू या म्हणतो. डॉकला घाई नाही. खिडकीच्या झडपेतून दोन पोलिसांचे डोळे दिसतात. बाहेर पडल्यावर ते त्याला पकडतात, अस्तर चाचपतात. डॉक त्यांना विचारतो, तुम्ही किती वेळ इथे उभे होता? दोन-तीन मिनिटं. म्हणजे साधारण एक तबकडी वाजते तेवढा वेळ, हा हिशेब तो स्वतःच मांडतो आणि मुकाट्याने जातो.

हे न पटणारा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे. आणि ते पटतं त्याचं कारण शेवटच्या दृश्यात नाही, सुरुवातीला आहे. तुरुंगातून सुटून आलेला डॉक पहिल्याच काही मिनिटांत एका बुकीच्या खोलीत भिंतीवरचं मुलींच्या चित्रांचं कॅलेंडर निवांत चाळतो. तेव्हा ते केवळ स्वभावाचं रेखाटन वाटतं. पुढे दीड तास हा माणूस थंड डोक्याने सगळ्यांना सांभाळून नेतो, आणि नेमक्या त्या कॅलेंडरच्या जागी घसरतो. मूर्खपणाची अशी पेरणी झालेली असली, की तो उगवतो तेव्हा आपण ‘विनाशकाले विपरीत बुद्धी’ म्हणून मान डोलावतो. पेरणी नसली तर तोच प्रसंग लेखकाने ढकलल्यासारखा वाटतो.

सॅम रायमीच्या ‘अ सिंपल प्लॅन’मध्ये (१९९८) आणखी वेगळी गंमत आहे. बर्फात कोसळलेल्या विमानात तीन सामान्य माणसांना चव्वेचाळीस लाख डॉलर मिळतात. यातला हँक शिकलेला, बायको सारा त्याहून हुशार. ती सुचवते, पाच लाख परत विमानात नेऊन ठेव, म्हणजे बाकीचे कोणी उचलले असा संशयच यायचा नाही. सल्ला बिनतोड आहे. तो पाळायला हँक आणि त्याचा भाऊ परत जातात, तिथे एक म्हातारा शेतकरी येतो, आणि पहिला खून पडतो. इथे एकही निर्णय एकटा घेऊन पाहिला तर मूर्खपणाचा नाही. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला सावरायला टाकलेलं आहे. अशा चित्रपटात ‘इथे तू काय केलं असतंस?’ हा प्रश्न स्वतःला विचारून बघावा. मला दर वेळी साराचंच म्हणणं बरोबर वाटतं.

आता सगळ्यात जुना प्रश्न. पोलिसांकडे का जात नाहीत?

हिचकॉकचं यावरचं उत्तर साधं होतं, पोलिसांकडे जाणं कंटाळवाणं असतं. शक्याशक्यतेचा कीस काढणाऱ्यांची तो टिंगलच करायचा. त्याच्या कारागिरीला ते शोभतंही, कारण तो आपल्याला विचार करायला फुरसत देत नाही. पण त्याच्या आणखी एका प्रसिद्ध मुद्द्यात या वादाचं मर्म दडलेलं आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला सांगा आणि पात्रांना सांगू नका, म्हणजे उत्कंठा तयार होते. याचा उलटा अर्थ असा, की उत्कंठेत प्रेक्षक नेहमीच पात्राच्या पुढे असतो, आणि पुढे असलेल्याला मागचा बावळट दिसतोच. बॉम्बच्या टेबलाशी बसून बेसबॉलवर गप्पा मारणारी माणसं मूर्ख नाहीत, अजाण आहेत. आपण थरारपट बघतोय हे आपल्याला माहीत असतं, आपण थरारपटात आहोत हे त्यांना माहीत नसतं. अंधाऱ्या जिन्याखाली आवाज आला तर तुम्ही-आम्हीही बघायलाच जातो, आणि बहुतेक वेळा ते मांजर असतं. निम्म्याअधिक तक्रारी इथेच निकालात निघाव्यात.

उरलेल्या तक्रारींना भूगोल असतो. ‘पोलिसांना फोन कर’ हे वाक्य सगळीकडे सारखंच शहाणपणाचं नाही. अनुराग कश्यपच्या ‘अग्ली’मधलं पोलीस ठाण्यातलं लांबलचक दृश्य आठवा. मुंबईत भर रस्त्यावर गाडीतून दहा वर्षांची मुलगी नाहीशी झाली आहे. बाप आणि त्याचा मित्र तक्रार द्यायला आलेत. समोर इन्स्पेक्टर जाधव, म्हणजे आपले गिरीश कुलकर्णी. त्याला मुलीपेक्षा यात रस आहे, की फोन आला की पडद्यावर माणसाचा फोटो कसा दिसतो. तो कसा लावायचा? नट लोक खरं नाव का बदलतात? मिनिटामागून मिनिट जातं. प्रेक्षक आधी हसतो, मग त्याचा तळतळाट होतो. हे दृश्य पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला पुढे त्यातल्या कुठल्याही पात्राने पोलिसांपासून काही लपवलं तर खुलासा लागत नाही. त्या चित्रपटातला खरा मूर्खपणा वेगळाच आहे. मुलगी हरवल्यावर जवळपास प्रत्येक मोठा माणूस आपापला जुना हिशेब चुकवण्यात किंवा खंडणीतला वाटा कमावण्यात गुंततो, आणि तिला शोधायचं राहूनच जातं. मला तो अलीकडच्या हिंदी चित्रपटांतला सर्वांत पटणारा मूर्खपणा वाटतो, कारण त्यात बुद्धी कमी पडलेली नाही.

निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’मध्ये (२०१५) हा प्रश्न पहिल्या तासाभरातच बंद केला जातो. गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर पोलिसांकडे गेला असता तर? त्याच्या घरात मारला गेलेला मुलगा पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुखचा आहे. पुढे कोणी विचारतच नाही. मूळ मल्याळम चित्रपट जितू जोसेफचा, २०१३ सालचा. त्याच्या रचनेचं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. विजय हुशार असला तरी त्यातही मेख ठेवली आहे. मुलाची पिवळी गाडी तो भर दिवसा स्वतः चालवत नेतो आणि त्याच्यावर खार खाऊन असलेला सब-इन्स्पेक्टर गायतोंडे ते बघतो. ही चूक नसती तर ‘२ ऑक्टोबरला आम्ही सत्संगाला होतो’ या साक्षीचं घरच्यांकडून करून घेतलेलं पाठांतर कोरडं गणित झालं असतं.

डेनी व्हिलनवच्या ‘प्रिझनर्स’वर (२०१३) मात्र हाच आक्षेप जोरात घेतला जातो. शेवटी अपहरणकर्ता कोण हे केलर डोव्हरला उमगतं, आणि पोलिसांना काही न सांगता तो एकटाच त्या घरी जातो. पटत नाही, म्हणतात. पण केलर कोणत्या तोंडाने सांगणार? चुकीच्या माणसाला त्याने स्वतः कोंडून दिवसेंदिवस छळलं आहे. पोलिसांना खरं सांगायचं तर आधी आपला गुन्हा सांगावा लागेल. कायद्याकडे जाण्याची वाट त्याने स्वतःच्या हाताने बुजवली, आणि ती बुजवताना चित्रपटाने आपल्याला चांगला दीड तास दाखवली. इथे आक्षेप घेणाऱ्याचं लक्ष जरा कमी पडलं, असं मी म्हणेन.

मराठी रंगभूमीवर पटणाऱ्या मूर्खपणाचा कळसाचा नमुना १९६२ सालीच होऊन गेला. आचार्य अत्रे यांचं ‘तो मी नव्हेच’. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे नवनवी नावं घेऊन घराण्यामागून घराणी फसवतो. त्यामागे एका खऱ्या भामट्याचा खटला होता. तपशिलात बघितलं तर फसणारी माणसं भयंकर भाबडी आहेत. नोकरीची चौकशी नाही, गावची चौकशी नाही. तरी प्रभाकर पणशीकर ती भूमिका फिरत्या रंगमंचावर वर्षानुवर्षं करत राहिले आणि प्रेक्षागृहातून कोणी ‘असं होतं का कुठे’ म्हणालं नाही. उपवर मुलीच्या बापाला चांगलं स्थळ आपणहून चालत आलं की चौकशीची हिंमत कशी गळते, हे समोर बसलेल्या प्रत्येक घराला माहीत होतं. मूर्खपणाची पटण्याजोगी सबब लेखकाला लिहावी लागली नाही, ती समाजाने आधीच लिहून ठेवली होती. आजच्या वीस वर्षांच्या मुलीला तेच नाटक दाखवा, तिला पहिला प्रश्न हा पडेल की यांनी माणसाची माहिती काढली कशी नाही. नाटक तेच आहे, सबब जुनी झाली.

आता उलटी बाजूही नोंदवायला हवी. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ला (१९६४) ईबर्टची कसोटी लावा, तो सपशेल नापास होतो. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. पुढे राज खोसलांनी त्याचा ‘मेरा साया’ (१९६६) केला. वकिलाची बायको वारते, तिच्यावर अंत्यसंस्कार होतात, आणि मग हुबेहूब तशीच एक स्त्री दरोडेखोर म्हणून पकडली जाते, मीच तुमची पत्नी असं सांगते. या सगळ्याच्या तळाशी काय? बायकोला जुळी बहीण होती आणि ती नवऱ्याला कधी सांगितली नव्हती. एका वाक्याने सगळं मिटलं असतं. तरी दोन्ही चित्रपट चालले, आणि ते गाण्यांमुळेच चालले असं म्हणणं अन्याय होईल. नवराच कोर्टात उभा राहून आपल्या बायकोच्या चेहऱ्याची उलटतपासणी घेतोय, ही परिस्थिती इतकी जबरदस्त आहे की तिच्यासाठी प्रेक्षक जुळ्या बहिणीचा कर निमूट भरतो. सुरुवातीला एक मोठी अशक्य गोष्ट मागून घ्यावी, ती मिळते. शेवटी सुटका करून घ्यायला मागितली की मिळत नाही. संकटात पाडणारा मूर्खपणा आपण माफ करतो, संकटातून सोडवणारा नाही. नायिका वेंधळेपणाने खुन्याच्या तावडीत सापडली तर चालेल. खुनी वेंधळेपणाने पिस्तूल खाली ठेवून तिला आपली सगळी जीवनकहाणी ऐकवायला लागला, की खुर्च्यांचे आवाज सुरू होतात.

हा खरा रद्दड माल. त्याची यादी करायची तर रात्र पुरणार नाही, पण एक नमुना सोडवत नाही. कोणाला तरी खुनी कळलेला असतो. तो इन्स्पेक्टरला फोन करतो आणि म्हणतो, “साहेब, खुनी कोण ते मला समजलंय, पण फोनवर नको, भेटून सांगतो.” भेटीच्या जागी त्याचं प्रेत. बाबूराव अर्नाळकरांच्या काळात फोन दुर्मिळ होते, तारा टॅप होण्याची भीतीही खपून जायची. आज? एक व्हॉइस मेसेज टाकायला काय जातं? या माणसाच्या न बोलण्याचं कारण त्याच्या स्वभावात नाही, भीतीत नाही, लोभात नाही. कारण एवढंच आहे, की चित्रपटाचा अजून एक तास उरलाय. मोबाइल आल्यापासून तर लेखकांची अशी पंचाईत झाली आहे, की बॅटरी संपणं आणि रेंज जाणं हे थरारपटातले मुख्य खलनायक झालेत.

याच्या बरोबर विरुद्ध टोकाचा दोष मात्र कोणी मोजत नाही, याचं मला नवल वाटतं. ‘द डार्क नाइट’मधला जोकर (२००८) आपण केव्हा पकडले जाऊ, कुठल्या कोठडीत ठेवले जाऊ, कोण कोणत्या रस्त्याने धावेल, हे सगळं मिनिटाच्या हिशेबाने आधीच जाणून असतो, आणि वर सांगतो काय, तर मी बेत आखणारा माणूसच नाही. अब्बास-मस्तानच्या ‘रेस’मध्ये (२००८) प्रत्येक जण दुसऱ्याची चाल आधीच ओळखून बसलेला आणि तो दुसराही ते ओळखून बसलेला. शेवटी मागे जाऊन दाखवलेल्या तुकड्यांतून कळतं, की कोणी काही चुकलंच नव्हतं. असा बिनचूक माणूस तुम्ही पाहिलाय? मी नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आपल्याला शेजाऱ्याबद्दल चटकन आठवतं, पडद्यावरच्या सूत्रधाराबद्दल नाही. चकवलं गेल्याचा आनंद मोठा असतो, त्या भरात अशक्यता पचून जाते. मूर्ख पात्राकडे बघताना आपल्याला स्वतःची भीती वाटते, म्हणून त्याला लगेच हाकलून द्यावंसं वाटत असावं.

मॉसच्या पाण्याकडे यासाठी पुन्हा बघावं लागतं. त्याच्या पेटीत नोटांच्या बंडलांमध्ये एक ट्रान्समीटर होता. मागावर असलेल्या मारेकऱ्याला, अँटन शिगरला, त्याचा रिसीव्हर मिळाला होता. मॉस त्या रात्री घरी झोपून राहिला असता तरी आज ना उद्या माग लागण्याची तजवीज कथेत होतीच. पाठलाग घडवायला पाण्याच्या त्या खेपेवाचून कोएन बंधूंचं अडलं नसतं. पात्राचा मूर्खपणा आणि पटकथेचा मूर्खपणा वेगळा ओळखायचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. पटकथेचा मूर्खपणा काढून घेतला की कथा कोसळते. हा काढून घेतला तर कथा चालत राहील, फक्त तिच्यातला मॉस आपल्याला कळायचा नाही.

श्रीराम राघवन यांनी ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) हा सगळा वाद प्रेक्षकाच्याच अंगावर उलटवला. पुण्यात घडणारी, आंधळ्याचं सोंग घेणाऱ्या पियानोवादकाची गोष्ट. त्याने पाहिलेल्या खुनाची तक्रार घेऊन तो पोलिसांकडे जातो, तर समोर खुनीच इन्स्पेक्टर. ‘पोलिसांकडे का जात नाही’ला इतकं चोख उत्तर क्वचित मिळालं असेल. उत्तरार्धाबद्दल मात्र बरेच जण नाक मुरडतात, आणि बोट ठेवतात ते डॉक्टर स्वामीवर. सिमीसारखी खुनशी बाई डिकीत बांधून ठेवलेली, आणि हा रस्त्यात गाडी थांबवून एकटाच डिकी उघडतो, तिला इंजेक्शन द्यायला. अर्थातच मरतो. एवढा बेरकी अवयवांचा दलाल असं करेल?

पण हा प्रसंग आपल्याला सांगतो कोण? आकाश, म्हणजे तोच पियानोवादक. युरोपातल्या कॉफीच्या टेबलावर, जुन्या मैत्रिणीला, सोफीला, दोन वर्षांनी. डिकीत काय झालं, डॉक्टर कसा मेला, मग सिमी गाडी चालवत होती, ससा आडवा आला, हे सगळं त्याच्या तोंडचं. तो उठून निघतो आणि रस्त्यातला रिकामा कॅन काठीने नेमका उडवतो. डॉक्टरने तो गाढवपणा केला की नाही हे माहीत असलेला एकच माणूस आहे, आणि त्याने आंधळ्याचं सोंग केलेलं आहे.